प्रकल्पाचं नाव: आधी पायपीआय बघा, मग गिटहब

प्रश्न: आम्ही चौघांनी मराठी शुद्धलेखन तपासणारा पायथन प्रोग्रॅम लिहिला आहे. तो गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवायचा आणि पुढे पायपीआय या पायथन प्रोग्रॅमच्या सार्वजनिक भांडारातून 'पिप' या आज्ञेने बसवता यावा, असा विचार आहे. नाव देवनागरीत चालेल का? नाही पटलं तर मागाहून बदलता येईल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: देवनागरी चालणार नाही. रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाचा कोड ठेवायच्या जागेच्या) नावात गिटहब रोमन अक्षरं, आकडे, हायफन, अंडरस्कोर आणि टिंब एवढंच घेतं. बाकीच्या जागी हायफन टाकतं. 'शुद्धलेखन' टाइप केलंत तर हाती नुसती आडवी रेघ येईल. मराठी नाव वर्णनाच्या रकान्यात लिहा.

रोमनमध्येही 'शुद्धलेखन' नकोच. 'डी' एकदा की दोनदा, 'एल'च्या आधी 'ए' हवा की नको? चौघे चार तऱ्हांनी लिहाल आणि शोधणारा पाचव्या. जोडाक्षर नसलेला आखूड शब्द घ्या, आणि काम कळावं म्हणून पुढे 'मराठी' जोडा: 'बोरू-मराठी', सगळं लहान लिपीत (स्मॉल अक्षरांत).

पण आधी ते पायपीआयवर मोकळं आहे का बघा. गिटहबवर नाव तुमच्या खात्यापुरतंच वेगळं लागतं, पायपीआयवर मात्र एका नावाचा प्रकल्प एकच. हायफनऐवजी अंडरस्कोर किंवा टिंब टाकून सुटका नाही. तिथे तिन्ही एकच, लहान-मोठी लिपीही एकच. मॉड्यूलच्या (कोडमध्ये 'इम्पोर्ट' करून वापरायच्या भागाच्या) नावात मात्र अंडरस्कोरच ठेवा. 'इम्पोर्ट'च्या ओळीत पायथन हायफनला वजाबाकी समजतो आणि चूक दाखवतो.

गिटहबवर नाव बदलणं सोपं: सेटिंग्ज, जनरल, रिपॉझिटरी नेम, रिनेम. जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो, तरी प्रत्येकाने आपल्या संगणकावर 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' ही आज्ञा नवा पत्ता देऊन चालवावी. कारण जुन्या नावाने त्याच खात्यात नवी रिपॉझिटरी उघडली, की ते वळणं बंद. निव्वळ चाचणीसाठी म्हणूनही उघडू नका. गिटहब पेजेसवर (गिटहबच्या वेबपानांच्या सोयीवर) माहितीचं पान असेल तर त्याचा जुना पत्ता वळतच नाही. दुवे हाताने बदला.

पायपीआयवर नाव बदलायची सोयच नाही. नव्या नावाने प्रकल्प चढवायचा आणि जुन्याची शेवटची आवृत्ती अशी काढायची, की ती बसवताना नवाही बसेल. जुना प्रकल्प पुसू नका. पुसलात तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि जुन्या सवयीने 'पिप' चालवणाऱ्याच्या संगणकावर त्या नव्या मालकाचा कोड उतरेल.