लक्ष दिलं, लक्ष गेलं आणि लक्ष्य

विचारणा अशी आहे: ‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ हे मुळात एकच शब्द का, आणि ‘मी लक्ष दिलं’ व ‘माझं लक्ष गेलं’ यांत खरोखर फरक आहे का?

मूळ एकच. संस्कृत ‘लक्ष्’ धातूचा अर्थ खूण करणे, पाहून ओळखणे, ‘लक्षण’ही त्यातलाच. संस्कृतात ‘लक्ष’ या शब्दालाही नेमाची जागा असा अर्थ होता. मराठीने वाटणी केली: जिथे नेम धरायचा ते लक्ष्य, तिकडे लागलेलं चित्त ते लक्ष. ‘ध्येय’ची घडणही पाहण्यासारखी आहे. पिण्याजोगं ते पेय, गाण्याजोगं ते गेय, तसं ध्यान लावण्याजोगं ते ध्येय. म्हणजे काय गाठायचं हे सांगणारे आपले दोन शब्द, चित्त कुठे लावायचं यावरूनच पडले आहेत. मुंडकोपनिषदात ॐकार धनुष्य, आत्मा बाण आणि ब्रह्म लक्ष्य असं रूपक आहे. तिथली अट ‘अप्रमत्तेन वेद्धव्यम्’, गाफील न राहता वेध घ्यावा. आपलं ‘लक्ष वेधणं’ याच नेमबाजीच्या भाषेतलं.

आता क्रियापदं. ‘लक्ष दिलं’ यात देणारा मी आहे, हेतू माझा आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच ‘तरी अवधान एकलें दीजे’ अशी आहे. अवधानही द्यायचंच असतं. ‘लक्ष गेलं’ यात कर्ता लक्ष स्वतः, आणि ‘लक्ष वेधलं’ यात समोरची वस्तू. कसोटी सोपी आहे. ‘लक्ष दे’, ‘लक्ष ठेव’, ‘लक्ष घाल’ अशी आज्ञा करता येते; ‘लक्ष लाग’ किंवा ‘लक्ष जा’ असं कुणी म्हणत नाही. लागणं आणि जाणं हुकमी नाही, हे व्याकरणानेच सांगून ठेवलं आहे.

पण ‘गेलं’ म्हणजे हेतूचा संबंध नाही, असं समजू नये. घर शोधायला लागलेल्या माणसाचं लक्ष रोजच्याच रस्त्यावरच्या ‘भाड्याने देणे आहे’ या पाट्यांकडे जातं. पाट्या आधीही होत्या, फक्त घराचे वेध नव्हते. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी इल्या रेपिनचं एकच चित्र वेगवेगळे प्रश्न देऊन दाखवलं आणि नजरेचा माग नोंदवला. वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर फिरे. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की कपड्यांवर आणि सामानावर. चित्र तेच, लक्ष्य बदललं की लक्षाची वाट बदलते.

म्हणूनच ‘दुर्लक्ष केलं’ आणि ‘लक्ष गेलं नाही’ यांची सरमिसळ मला फार खटकते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात लोक चित्रफितीतले चेंडूचे पास मोजत होते, आणि मधून गोरिलाच्या वेशातली व्यक्ती चालत गेली. साधारण निम्म्यांना ती दिसलीच नाही. त्यांनी दुर्लक्ष केलं नव्हतं. मोजण्यात गुंतल्यामुळे त्यांचं लक्ष तिकडे गेलं नव्हतं. दुर्लक्षात दोष येतो, दुसऱ्यात तो येतोच असं नाही. तक्रारअर्ज लिहिताना हा फरक जरूर पाळावा.

प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययंही नीट वापरावीत. ‘दुधाकडे लक्ष दे’ म्हणजे आत्ता तिकडे बघ. ‘दुधावर लक्ष ठेव’ म्हणजे उकळी येऊन गॅस बंद करेपर्यंत हलू नको. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ आणि ‘साहेबांनी प्रकरणात लक्ष घातलं’ इथे ‘त’च हवा, कारण चित्त आत शिरायचं आहे. ‘लक्षात’चं कुटुंब निराळं, ते स्मरणाकडे झुकतं: लक्षात आलं म्हणजे उमगलं, लक्षात राहिलं म्हणजे आठवणीत टिकलं, लक्षात घेतलं म्हणजे विचारात धरलं.

लेखनातली चूक उच्चारामुळे होते, कारण बोलताना शेवटचा ‘य’ पुष्कळदा गळतो. मग ‘कृपया लक्ष्य द्या’ अशी सूचना लागते आणि बातमीत ‘250 धावांचं लक्ष’ येतं. दोन्ही चूक. विधिमंडळात मांडतात ती ‘लक्षवेधी सूचना’, य नको. नेमका लागलेला बाण लक्ष्यवेधी, तिथे य हवा. ‘दुर्लक्ष’ला य कधीच नाही.