सुरक्षा पॅच: किती दिवस थांबावे?

प्रश्न: फोन उत्तम चालतो आहे. सुरक्षा अपडेट महिनाभर पुढे ढकलले, तर काय बिघडेल?

उत्तर: त्रुटी फोनमध्ये आधीपासूनच असते, परंतु तिची दुरुस्ती, म्हणजेच पॅच, प्रसिद्ध झाली, की जुने आणि नवे सॉफ्टवेअर शेजारी ठेवून नेमके काय बदलले हे जाणकाराला ताडून पाहता येते, आणि अपडेट न घेतलेल्या फोनची कडी कोठे सैल आहे हे त्याला आयतेच कळते. म्हणून दिरंगाईचा धोका पॅच आल्या दिवसापासून वाढू लागतो. उदाहरण संगणकांचे आहे, पण बोलके आहे: मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या घातक सॉफ्टवेअरने ज्या त्रुटीतून थैमान घातले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. माझ्या मते फार तर दोन-तीन दिवस थांबावे.

प्रश्न: मी अनोळखी लिंक कधीच उघडत नाही. तरीही अपडेट हवेच का?

उत्तर: हवेच. २०१५ मध्ये उघड झालेल्या अँड्रॉइडमधील स्टेजफ्राइट त्रुटीत एमएमएसने आलेला व्हिडिओ वापरकर्त्याने पाहण्याआधीच फोन तो आपणहून हाताळू लागे, आणि तेवढ्यानेच घात होऊ शकत असे. त्याच वर्षी ऑगस्टपासून गूगलने अँड्रॉइडसाठी मासिक सुरक्षा पत्रके सुरू केली. आयफोनही अपवाद नाही. आयमेसेजमधून, कोठेही बोट न लावता होणारा असाच हल्ला रोखण्यासाठी अॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १४.८ दिले.

प्रश्न: अपडेट अर्धवट राहून फोन बंद पडला तर?

उत्तर: अनेक नव्या अँड्रॉइड फोनांत प्रणालीच्या दोन प्रती असतात, अपडेट वापरात नसलेल्या प्रतीवर चढते आणि ती सुरू झाली नाही, तर फोन जुन्या प्रतीवर परततो. तरीही आधी बॅकअप घ्यावा आणि फोन चार्जिंगला लावावा.

प्रश्न: माझ्या फोनला अपडेट मिळणे बंद झाले आहे. गूगल प्लेमधून येणारी अपडेट पुरेशी नाहीत का?

उत्तर: नाहीत. अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग त्या मार्गाने दुरुस्त होतात, पण कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि चिप चालवणारे ड्रायव्हर हे प्रोग्राम त्यातून सुटतात. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली सुरक्षा पॅचची तारीख पाहावी. ती वर्षभर जुनी असेल, तर निदान बँकेचे व्यवहार तरी दुसऱ्या फोनवर न्यावेत.