दगड धुऊ नका

हिमाचलातल्या स्पितीत एका उतारावर सगळे दगड धारदार होते. मोठे पायथ्याशी, बारीक वर. असं का? (एक वाचक, राजारामपुरी)

भेगेत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. असं वर्षानुवर्षं झालं की खडक फुटतो. तुकडे सरळ खाली पडतात, पंचगंगेतल्या गोट्यांसारखे घासले जात नाहीत, म्हणून कोपरे शाबूत राहतात. मोठा धोंडा लांबवर गडगडत जातो, बारीक खडी वरच अडकते. अशा ढिगाचा उतार बहुधा ३० ते ३५ अंशांचा असतो.

तिथल्याच मातीतून उकरून आणलेल्या दगडावर राखाडी पापुद्रा होता. मी तो ब्रशनं घासून काढला. काही बिघडलं का? (कसबा बावडा)

बिघडलं हो! तो पापुद्रा म्हणजे दगडाची टोपी. जमिनीतला बर्फ वितळला की पाण्याबरोबर पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड माती) खाली झिरपतो आणि दगडाच्या माथ्यावर साचतो. चिमटीत चोळलात तर पिठासारखा लागला असता, चिकणमातीसारखा चिकटला नसता. दगड सरकताना कलंडला, तर टोपी कुशीला किंवा तळाला सापडते. म्हणजे उतारावरची माती सरकत होती हे त्या टोपीवरून कळतं. पुढच्या वेळी दगड उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीनं बाण काढा, फोटो घ्या आणि तसाच कागदात गुंडाळा. धुणं घरी आल्यावरही नको.

सोलिफ्लक्शनचा थर आणि ओढ्याचा थर कसा ओळखायचा? (भूगोलाची विद्यार्थिनी)

सोलिफ्लक्शन म्हणजे ओल्या मातीचं उतारावरून हळूहळू सरकणं. हा शब्द स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञ अँडरसन यांनी १९०६ मध्ये फॉकलंड बेटांवरच्या निरीक्षणांतून दिला. वितळलेली, पाण्यानं तट्ट भरलेली माती दोन-तीन अंशांच्या उतारावरही सरकते, बहुतेक ठिकाणी वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. त्यात पोयट्याचं काम मोठं. वाळूत पाणी वर ओढलं जात नाही, चिकणमातीत ते फार हळू चालतं. पोयट्यात मात्र ते गोठणाऱ्या थराकडे भराभर जातं आणि बर्फाचे पापुद्रे वाढतात. अशा थराच्या उभ्या कापात मोठे-बारीक दगड मातीत कालवलेले दिसतात, कोपरे धारदार, लांबट दगडांची तोंडं उताराच्या दिशेनं. ओढ्याच्या थरात दगड घासून गोलसर होतात आणि आकारानुसार वेगळे बसतात.

पन्हाळ्याच्या पायथ्याचे धोंडे हिमयुगातले का?

नाही. पन्हाळा हजार मीटरांच्याही आत आहे, तिथे जमीन अशी गोठलीच नाही. माथ्यावरच्या जांभ्याखालचा मऊ थर पावसानं झिजतो आणि वरचा जांभा तुटून खाली येतो. त्या धोंड्यांवर टोपी शोधू नका.