पहिलं पुस्तक काढताय? आधी हे बघा
अरे, पुस्तक छापून आलं की मग प्रमोशन बघू असं अजिबात करू नकोस, छोटे प्रकाशक तिथेच मार खातात. दोन-तीन महिने आधीच समीक्षक, ग्रंथपाल, दुकानदार यांच्याकडे आगाऊ प्रती जाऊ देत, कारण परीक्षण यायला वेळ लागतो. मुखपृष्ठ मोबाईलवर अंगठ्याएवढं करून बघ, नाव वाचता आलं नाही तर डिझायनरला परत पाठव. पेपरबॅक आणि ईबुकला १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगवेगळे लागतात हां. आणि लेखक आपल्या भागातला आहे एवढ्यावर पुस्तक खपत नाही, प्रकाशनाच्या कार्यक्रमात पाहुण्यांची भाषणं कापून टाक, लेखकालाच दोन पानं वाचू दे आणि गोष्ट रंगात आली की थांबव, लोक थेट विक्रीच्या टेबलाकडे येतात, खूपदा बघितलंय मी. तिथे प्रती कमी पडू देऊ नकोस.