लोगो काढायच्या आधी गाव बघ

प्रिय पोरी,

तुझी तिन्ही स्केचेस पाहिली. हात छान चालतोय. पण अमेरिकेतल्या मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीवरच्या बेसबॉल टीमचा लोगो करायला घेतलास आणि थेट इतरांचे लोगो बघत बसलीस, हे लगेच कळतं. सगळे प्राणी दात विचकतायत.

आधी धंदा समजून घे. या टीमचे खेळाडू मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवरचा मूळ क्लब ठरवतो, त्यांचा पगारही तोच देतो. एखादा पोरगा ऐन रंगात आला की त्याला वर उचलतात आणि स्थानिक मालक नुसता बघत राहतो. त्याच्या हातात उरतं काय? तिकिटं, खाणंपिणं आणि टोपीवरचं चित्र. म्हणून तर ही मंडळी नाव-लोगो इतक्या बिनधास्त बदलतात.

ओहायोतलं अ‍ॅक्रन घे. क्लीव्हलँडच्या मेजर लीग क्लबची ही डबल-ए (मायनर लीगमधली एक पातळी) टीम १९८९ ते १९९६ शेजारच्या कॅन्टनमध्ये खेळायची. नाव कॅन्टन-अ‍ॅक्रन इंडियन्स. क्लीव्हलँडचा क्लबही तेव्हा इंडियन्सच, म्हणजे थोरल्या भावाचा उतरलेला शर्ट. १९९७ मध्ये ती अ‍ॅक्रनच्या नव्या कॅनॉल पार्क मैदानावर आली आणि एअरोज झाली. गुडइअर या टायर कंपनीने या शहरात एकेकाळी फुग्यासारखी तरंगणारी अजस्र हवाई जहाजं बांधली होती, तेव्हा नाव अगदीच हवेतलं नव्हतं. तरी ते आणखी दहा शहरांना चाललं असतं.

मग २०१४ च्या मोसमात त्याच टीमचं नाव रबरडक्स, म्हणजे रबरी बदकं, झालं. गुडरिच, गुडइअर, फायरस्टोन या तिन्ही टायर कंपन्या अ‍ॅक्रनमध्ये वाढल्या. शहराला जगाची रबर राजधानी म्हणायचे. पुढे बहुतेक कारखाने बंद पडले. अशा ठिकाणी कामगाराचा पिळदार दंड किंवा धुराडं काढणं कुणालाही सुचलं असतं. यांनी आंघोळीच्या टबातलं बदक काढलं! ज्याच्या घरात कुणी टायरच्या कारखान्यात राबलंय त्याला त्यात आपलं शहर दिसतं, आणि ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही ते पोरगंही टोपीसाठी हट्ट धरतं. बदकाला रागीट केलंय, ते मला फारसं रुचत नाही. पण तो सध्याचा साथीचा रोगच आहे.

नुसत्या गमतीवर मात्र विसंबू नकोस. न्यू ऑर्लिन्सची झेफर्स टीम २०१७ मध्ये बेबी केक्स झाली. तिथे मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या दिवसांत किंग केक नावाच्या केकमध्ये इवलंसं बाळ लपवतात, त्यावरून हे नाव. लोगोत तेच बाळ, मुकुट घातलेलं आणि चिडलेलं. चर्चा खूप झाली. २०१९ च्या मोसमानंतर टीम विचिटा या दुसऱ्या शहरात गेली. लोगोमुळे गेली असं मी म्हणत नाही, पण लोगोने तिला थांबवलंही नाही.

आता तुझ्या दुसऱ्या स्केचकडे ये. पिसांचं काम सुरेख आहे, पण टोपीवर ते भरतकामात उतरणार. पाच सेंटिमीटरचं प्रिंट काढ आणि हात लांब करून बघ. मिलिमीटरपेक्षा बारीक रेघा धाग्यात एकमेकींना चिकटतात, सगळा गोळा होतो. पिसं तीनच ठेव, पण जाड. ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा, काढून टाक.

आणि तू निवडलेल्या गावात पूर्वी कसले कारखाने होते, ते शोधून मला दोन ओळीत लिही. चौथं स्केच त्यानंतर. रंगांचं तेव्हा बघू.

तुझा,
सर