रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीला तडा गेल्यास

प्रश्न : माझ्या मोटारीच्या रेडिएटरच्या वरच्या टाकीला, होस पाइप बसतो त्या तोंडाच्या बुडाशी, बारीक तडा गेला आहे. इंजिन तापले की तेथून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) पाझरते. मेकॅनिक संपूर्ण रेडिएटर बदलायला सांगतात. एका परिचितांच्या मते इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, कडक होणारा गोंद) लावून काम भागेल. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तडा कोठे आहे यावर याचे उत्तर अवलंबून असते आणि आपण सांगितलेली जागा दुरुस्तीला सर्वांत अवघड आहे. टाकीच्या सपाट पृष्ठभागावरचा तडा फक्त आतला दाब सोसतो. पाइपाच्या तोंडाशी मात्र त्या दाबाच्या जोडीला इंजिनाची थरथर आणि पाइपाची ओढही सतत येत राहते. तेथे लावलेले इपॉक्सी गाडी उभी असताना घट्ट वाटते आणि रस्त्यावर सुटते. म्हणून या बाबतीत मी मेकॅनिकच्या बाजूने आहे.

आजच्या बहुतेक रेडिएटरचा गाभा (कूलंट थंड करणारा नळ्यांचा मधला भाग) अ‍ॅल्युमिनियमचा असून टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. टाकीवर ‘पीए ६६ – जीएफ ३०’ अशी खूण आढळली, तर नायलॉन ६६ मध्ये ३० टक्के काचतंतू आहेत असे समजावे. वर्षानुवर्षे तापून-निवून आणि गरम कूलंटच्या संपर्कात राहून हे प्लास्टिक ठिसूळ होते. टाकीचा रंग उडून ती तपकिरी दिसू लागली असेल आणि तड्याशेजारी नखाने खरवडताच भुगा निघत असेल, तर एक तडा बुजवल्यावर दुसरा जाणारच. तेथे दुरुस्तीवर श्रम घालवू नयेत.

प्लास्टिक अजून चिवट असेल आणि तडा सपाट भागावर असेल, तर दुरुस्ती जरूर करावी. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे पाणी १०० अंशांवरही उकळत नाही आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. कूलंट काढून रेडिएटर उतरवावा, तड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे म्हणजे तडा पुढे सरकत नाही, आणि तड्याच्या रेषेवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच करावी. भोवतालचा भाग खरखरीत पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावा. कूलंटचा तेलकट थर बोटाला जाणवत असेपर्यंत पुसणे थांबवू नये, कारण इपॉक्सी सुटण्याचे नेहमीचे कारण हा थरच असतो. वेल्डिंग करायचे असल्यास सळई नायलॉनचीच हवी आणि टाकी आधी नीट वाळवलेली हवी, कारण नायलॉन ओलावा शोषून घेते व तो तापताच सांध्यात बुडबुडे धरतात. इपॉक्सी वापरायचे असल्यास किमान १२० अंश सेल्सिअस सोसणारे घ्यावे, त्यात काचतंतूचे कापड बसवावे आणि पाकिटावर लिहिलेला सुकण्याचा पूर्ण वेळ द्यावा. घाईने लावलेले साधे इपॉक्सी इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडते. नंतर झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरून गळती तपासावी.

आपल्या रेडिएटरचा गाभा शाबूत असेल, तर फक्त टाकी बदलता येते का, हेही विचारावे. अ‍ॅल्युमिनियमच्या दुमडलेल्या कडा उघडून, नवे रबरी गॅस्केट घालून नवी टाकी बसवतात. त्या कडा एकदा वाकवणे चालते, पुन्हा वाकवताना तुटतात. त्यामुळे हे काम सरावाच्या हातानेच व्हावे.

नवा भाग बसवण्यापूर्वी झाकणाची स्प्रिंग, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप), पंखा आणि इंजिनाचे माउंटिंग (इंजिन जागेवर धरणारा आधार) तपासून घ्यावे. माउंटिंग तुटले असेल, तर इंजिन हलून पाइप ओढला जातो आणि नव्या टाकीलाही त्याच जागी तडा जातो.

प्रश्न : गळती थांबवणारी पावडर कूलंटमध्ये टाकली तर?

उत्तर : आडवाटेवरून गाडी गॅरेजपर्यंत आणण्यापुरती ती ठीक आहे. टाकीच्या तड्यावर तिचा भरवसा नसतो, उलट हीटरच्या अरुंद नळ्या तिने तुंबू शकतात. काढलेले कूलंट मात्र उघड्यावर ठेवू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.