ती दुधाची दाढ नव्हे

पत्रांत पुन्हा पुन्हा तेच घोळ येतात, म्हणून दात भरण्याचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : दाढेत चांदी भरली. जेवू कधी? (सिन्नर)

बधिरपणा उतरल्यावर. त्या बाजूने कडक चावणं दुसऱ्या दिवसापासून.

प्रश्न : चांदीत पारा असतो म्हणे. जुनी चांदी काढून टाकू का? (नाशिकरोड)

असतो, वजनाने जवळपास निम्मा. ही 'चांदी' म्हणजे पारा आणि इतर धातूंचं मिश्रण. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून नवी चांदी भरणं, अपवाद वगळता, बंद केलंय. पण घट्ट बसलेली चांदी खोदताना पाऱ्याची वाफ उलट जास्त निघते आणि चांगला दातही कोरला जातो. फट, तडा किंवा खाली कीड असेल तरच काढायची. ते एक्स-रे पाहून ठरवा.

प्रश्न : 'लेझर फिलिंग'चे वेगळे पैसे सांगितले. द्यावेत का? (सातपूर)

दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट निळ्या दिव्याने कडक करतात. तो लेझर नव्हे! नावाला पैसे देऊ नका, साहित्य कोणतं ते बिलावर लिहून मागा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. मागच्या दाढेवर काळी रेघ आहे. दुधाचीच ना, पडेल? (दिंडोरी)

नाही पडणार. सहाव्या वर्षाच्या आसपास ही दाढ दुधाच्या दाढांमागे येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही. मुलाला खिडकीपाशी उभं करून आ करायला सांगा. समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजा, पडलेल्या दाताची जागाही धरा. सहावी ती कायमची दाढ. तिच्या खाचांत ब्रशचा केससुद्धा शिरत नाही. बिस्किटाचा लगदा, बेदाणा मात्र बरोबर तिथेच बसतो. कीड नसेल तर सीलंटने खाचा बंद करता येतात. खड्डा पडला असेल तर ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट किंवा कॉम्पोझिट भरतात. ग्लास आयोनोमर दाताला आपणहून चिकटतं, फ्लोराइड सोडत राहतं, पण लवकर झिजतं. कॉम्पोझिट मजबूत, मात्र भरताना लाळेचा थेंब चालत नाही. कोणतं भरायचं, ते तपासल्यावरच. "द्राक्षं उतरली की दाखवू" हे मी दरवर्षी ऐकते. तोवर कीड नस गाठते, आणि या वयात मुळांची टोकं उघडी असल्याने उपचार फार अवघड होतात. तुम्ही याच आठवड्यात या. खर्चाची अडचण असेल तर नाशिकच्या पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात चौकशी करा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, रिंगणीच्या बियांची धुरी घे, दातातले किडे गळून पडतील. (इगतपुरी)

दातात किडा नसतोच. जिवाणू साखरेचं आम्ल करतात, ते दात पोखरतं. धुरीने भोक बुजत नाही. ठणका असेल तर आज दाखवा. गालावर सूज आणि ताप असेल तर रात्र काढू नका.